आईचा डावा खांदा

९ ऑक्टोबर

ती. मामा,

तुझा कोट मंगळवारी पोचला. आईने पार्सल फोडलं, कोट अंगात घातला, आरशात बघितलं आणि "बसला" म्हणाली. तिच्या तोंडून याहून जास्त कौतुक निघत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिने तो काढायच्या आत मी तिला खिडकीपाशी उभं केलं आणि अर्धा तास चित्र काढलं. ते सोबत पाठवतेय. बटणं मोजून घे, सहाच्या सहा आहेत.

आता रडगाणं. चित्रशाळेत मला प्रवेश मिळाला तो नक्कल करण्यावर. पुस्तकातलं कुठलंही चित्र समोर ठेवा, मी हुबेहूब उतरवते. मला वाटायचं, यालाच चित्रकला म्हणतात. पण आमचे कोळसासर (हात कायम काळे, म्हणून हे नाव) माझ्या कागदाखाली दोनच शब्द लिहितात, "हे कोण?" आईच्या चित्राखालीही तेच. मी म्हटलं, सर, माझी आई. ते म्हणाले, "हा कोट आहे. आत कोणी आहे का?" मामा, आत कोणी आहे म्हणजे काय? मी जे दिसलं ते काढलं. याहून जास्त काय काढायचं असतं?

जानेवारीत परीक्षा आहे. समोर कोणी उभं नसताना उभा माणूस काढायचा. नाही जमला, तर मला पाट्या रंगवायच्या वर्गात ढकलणार. पाट्यांत वाईट काही नाही, पण मला माणसं काढायची आहेत. तू तीस वर्षं माणसांची मापं घेतोयस. तूच सांग, आत काय असतं?

आणि एक. लहानपणी कोटासोबत तू माझ्या बाहुलीसाठी एक उशी पाठवायचास. ते कधी बंद केलंस? बाहुली अजून आहे हो.

तुझी,
खारूताई

१७ ऑक्टोबर

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

चित्र पाहिलं. तुझ्या सरांना काय कळतंय? खांदे कसे ओळंब्यात आहेत बघ, दोन्ही एका रेषेत! कोट पुतळ्यावर बसावा तसा बसलाय. मी चित्र दुकानात आरशाशेजारी लावलंय आणि गिऱ्हाइकांना जबरदस्तीने दाखवतो.

तरी विचारलंसच, तर सांगतो. टेप हातात घेतली की माणूस खोटं बोलायला लागतो. पोट आत, छाती बाहेर, मान ताठ. त्या मापाने शिवलेला कपडा फक्त आरशासमोर बसतो, रस्त्यावर बसत नाही. म्हणून मी आधी गप्पा मारतो. सासू कशी आहे, दात काढला का, काहीही. दोन मिनिटांत माणूस स्वतःला विसरतो आणि एका पायावर भार टाकतो. त्या वेळी माप घ्यायचं.

आता कागद मिट आणि स्वतः उभी राहा. उजव्या पायावर भार टाक, डावा सैल सोड. कमरेवर हात ठेव. उजवी बाजू वर आली ना? आता खांद्यांकडे बघ. उजवा खाली उतरला असेल. कंबर जिकडे वर, खांदा तिकडे खाली, नाहीतर माणूस पडेल. बस, एवढंच आहे आत. भार कुठे आहे ते आधी शोध, मग हात, पाय, नाक, डोळे आपोआप आपापल्या जागी जातात. दिसतं ते काढू नकोस, का दिसतं ते काढ.

रस्त्यावरची माणसं बघ. आईला मात्र उभं करत जाऊ नकोस, तिला कामं असतात.

बाहुलीची उशी मी कधीच पाठवलेली नाही. तुझा काहीतरी घोळ होतोय.

तुझा,
शिंपीमामा

३० ऑक्टोबर

ती. मामा,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते, तेही भार बघून!

आठवडाभर टपाल कचेरीत रांगेसमोर बसले. रांगेतली माणसं कंटाळतात आणि कंटाळा आला की खरं उभं राहतात. एक म्हातारा काठीवर, एक बाई कडेवरच्या मुलावर (म्हणजे मुलाच्या उलट बाजूला), एक पोरगा भिंतीवर. नियम दर वेळी लागू! मला तर चटकच लागली. जेवताना बाबा कुठल्या कुल्ल्यावर बसतात तेसुद्धा बघते. कोळसासरांनी पहिल्यांदाच काही न लिहिता कागद परत दिला. वर्गात याला बक्षीस समजतात.

मग म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? घरात आई आहे. तू नको म्हणालास तरी मी तिला ओट्यापाशी गुपचूप काढलं. आणि इथे सगळं बिघडलं.

डाव्या पायावर भार असला की तिचा डावा खांदा खाली. ठीक, नियमाप्रमाणे. पण उजव्या पायावर भार असला, तरीही डावाच खाली! मी तीन दिवस पाहिलं. भांडी घासताना, चप्पल घालताना, फोनवर मावशीशी भांडताना. नेहमी डावाच. अंगठ्याएवढा खाली आणि थोडा पुढे.

हे माझ्या आधी लक्षात कसं आलं नाही? वीस वर्षं मी त्याच खांद्यावर डोकं ठेवून झोपलेय. आणि तुझ्या कोटातल्या चित्रात ते दोन्ही सरळ कसे? ते तर मी समोर बघून काढलं होतं. एक तर तुझा नियम चुकला, नाहीतर माझी आई. सांग लवकर, डोक्याचा पार भुगा झालाय.

खारूताई

१४ नोव्हेंबर

चि. खारूताईस,

हंगाम आहे, दुकानात मान वर करायला फुरसत नाही, म्हणून थोडक्यात.

नियम बरोबर आहे. आईही बरोबर आहे. ओटा एका बाजूला उंच असेल, किंवा तू बसलेली जागा तिरपी असेल. डोळा फसवतो. तिला कोट घालून सरळ उभी कर आणि मग काढ. पहिलं चित्र उत्तम होतं, त्याच्यावरच विश्वास ठेव.

आणि एका माणसाच्या मागे किती लागायचं? जगात खांद्यांचा दुष्काळ पडलाय का?

मामा

३ डिसेंबर

ती. मामा,

तुझं पत्र इतकं लहान होतं की मी पाकीट झटकून बघितलं.

तू सांगितलंस तसं केलं. तोच कोट, तीच खिडकी, तीच आई. आणि या वेळी कोटातही डावा खांदा खाली! ऑक्टोबरात सरळ, डिसेंबरात उतरलेला. कोट पार्सलमधून निघाल्यावर आकसतो का? मी शेवटी तुझं ऐकलं आणि चित्रात खांदे एका रेषेत करून टाकले. ते घेऊन गेले. कोळसासर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "नियम पाठ झालाय. पण हे कोण?" वर म्हणाले, जानेवारीपर्यंत हाच प्रश्न राहिला तर पाट्यांचा ब्रश विकत घेऊन ठेव. मी वर्गाबाहेर येऊन जिन्यात रडले. खरंच रडले, मामा.

घरी आले तर आई स्टुलावर चढून साखरेचा डबा काढत होती. साखरेचा डबा कुठे असतो? माझ्या छातीएवढ्या उंचीच्या फळीवर. परवा बाबांनी तो चुकून एक फळी वर ठेवला होता, म्हणून स्टूल. मी दारातच थांबले आणि स्वयंपाकघर पहिल्यांदा पाहिल्यासारखं बघितलं. आमच्या घरात सगळ्या फळ्या खाली आहेत. खुंट्या खाली. कपडे वाळत घालायची दोरी इतकी खाली की बाबा रोज त्यात अडकतात आणि रोज शिव्या घालतात. आई डावखुरी. मी म्हटलं, "आई, डावा हात वर कर." तिने केला. खांद्याच्या उंचीला येऊन थांबला. "अजून," म्हटलं. ती म्हणाली, "तेवढाच जातो. त्यात काय?" जणू मी वेळ विचारली.

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

"कशाने?"

तिने स्टूल जागेवर ठेवलं आणि म्हणाली, "मामाला विचार. त्याला सांगावंसं वाटलं तर सांगेल."

आता तिचा सुईदोऱ्याचा डबा उघडला, तर तळाशी माझ्या बाहुलीच्या उशा! सतरा मोजल्या. अर्धचंद्राच्या आकाराच्या, आत कापूस, वर अस्तराचं कापड. एक पाठवतेय, बघ आणि तूच सांग, घोळ कोणाचा होतोय. आणि दर वर्षी एकच का? उशा काय, कशाच्याही जोड्या असतात ना?

माझं काही चुकत असेल तर रागव, पण उत्तर दे. मला हे चित्र जमत नाहीये आणि मला वाटतं ते तुझ्यामुळे जमत नाहीये.

खारूताई

२६ डिसेंबर

मामा, तीन आठवडे झाले. पत्र मिळालं की नाही एवढं तरी कळव. आई रोज टपालपेटी बघते आणि मी विचारलं की म्हणते, "छे, मी कशाला बघू?"

खारूताई

४ जानेवारी

चि. खारूताईस,

पत्र मिळालं. उशीही मिळाली. तिच्यावरचा टाका माझाच आहे.

ती उशी नाही. खांद्याचं पॅड आहे. ज्याचा एक खांदा उतरलेला असतो, त्याच्या कोटात त्या बाजूला आतून घालायचं, म्हणजे वरून दोन्ही सरळ दिसतात. म्हणून जोडी नाही. तुझ्या आईच्या प्रत्येक कोटात मी ते घातलंय, कोणाला सापडू नये म्हणून अस्तराच्या आत आणि बारीक टाक्याने. ते उसवलेलं बघून मी दुकान दोन दिवस बंद ठेवलं.

मी अकरा वर्षांचा होतो, ती सात. शाळेमागे पुरुषभर उंच भिंत होती. मी खाली उभा राहिलो आणि म्हटलं, उडी मार, मी झेलतो. एक, दोन, तीन मोजेन, तीनला मार. तिने मारली. मी हात मागे घेतले. का घेतले? भीती वाटली, की गंमत करावीशी वाटली, की कोणी हाक मारली, मला आजवर सांगता आलेलं नाही. गळ्याखालचं हाड मोडलं, खांदाही दुखावला. बसवणाऱ्याने वाकडं बसवलं. घरी तिने सांगितलं, मी एकटीच चढले आणि एकटीच पडले. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. त्या दिवसापासून आम्ही या विषयावर एक शब्द बोललेलो नाही.

म्हणून मी शिंपी झालो असं म्हटलं तर कथेत शोभेल. तसं नाही, आजोबांचं दुकान होतं म्हणून झालो. पण पहिला कोट शिवला तो तिचा, आणि पहिलं पॅड घातलं तेही तिच्यासाठीच.

तू जे विचारलं नाहीस तेही सांगतो. तिच्या लग्नाच्या वेळी माप घेतलं, कागदावर बेतलं, तो कागद बावीस वर्षं दुकानात खिळ्याला टांगलाय. दर वर्षी त्याच्यावरून खडू फिरवतो आणि कोट कापतो. तिच्याकडे येऊन मला अकरा वर्षं झाली. कामाचं निमित्त सांगतो. तुला नक्कल करू नकोस म्हणून शिकवणारा मी, स्वतःच्या बहिणीची नक्कल कापत बसलोय. खाई त्याला खवखवे.

पोरी, मी तुला मुद्दाम चुकीचं सांगितलं. तुझं पाहणं बरोबर होतं. मला लाज वाटते.

पण एक कळत नाही. पॅड उसवलं कोणी आणि का? ती इतकी वर्षं लोकांत उतरलेल्या खांद्याने फिरते? मग मी काय शिवत होतो?

हे पत्र तिला दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

मामा

११ जानेवारी

दादा,

पोरीने पत्र मला वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा मी भाजी चिरायची थांबले.

तीनला उडी मारायची ठरलं होतं. मी दोनला मारली. तू दचकावास म्हणून. तू हात मागे घेतलेस की अजून पुढे केलेच नव्हतेस, ते मला माहीत नाही, माझे डोळे मिटलेले होते. घरी खरं सांगितलं असतं तर मलाही फटके बसले असते. तुझ्याकडे बघितलं नाही कारण मला माझीच लाज वाटत होती. मला वाटत होतं, दोनचं तुला ठाऊक आहे आणि तू मोठ्या मनाने बोलत नाहीस.

पॅड मी पहिल्या कोटापासून उसवते. टोचतं. हात जेवढा वर जातो तेवढाही जात नाही. तू टाका इतका बारीक घालतोस की अख्खी दुपार जाते. इथे माझा खांदा सगळ्यांना माहीत आहे, कोणी ढुंकून बघत नाही. मला वाटायचं तुलाच तो बघवत नाही, म्हणून तू पॅड घालतोस. नको म्हटलं असतं तर तू कोटही पाठवला नसतास. आणि कोटाशिवाय तुझं काही येत नाही.

बाकी ठीक. पोरीच्या बाबांची दोरी या वर्षी बोटभर वर घेतली आहे.

तुझी धाकटी बहीण

२३ जानेवारी

ती. मामा,

परीक्षा झाली. आधी एक सांगते, माझा गोंधळ कमी झालेला नाही. तू म्हणतोस हात मागे घेतले. आई म्हणते दोनला उडी मारली. दोघंही खरं बोलताय हे मला दिसतं, पण मग भिंतीखाली झालं काय? आईला विचारलं तर म्हणाली, "तेव्हा तू नव्हतीस, आता तरी चित्र काढ."

चित्रासाठी तिने माझा हात स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि तिचा हात हळूहळू वर नेला. बोटांखाली ते हाड लागलं, मधे गाठीसारखं. हात एका जागी आला आणि पुढे काही जाईना. मग तिची पाठ वळली, कंबर सरकली, डावी टाच उचलली गेली. हात जिथे थांबतो, तिथून पुढचं काम बाकीचं अंग करतं! तिचा खांदा नेहमी खाली का आणि पुढे का, हे मला त्या मिनिटाला कळलं. नियम मोडत नव्हता, मामा. तिच्या हाडात एक जास्तीचा नियम होता. मी बाथरूममध्ये जाऊन तासभर तिच्यासारखी उभी राहायला शिकले. बाबांनी दोनदा दार वाजवलं.

परीक्षेत सरांनी फळ्यावर विषय लिहिला, "वरची वस्तू काढणारा माणूस." समोर कोणी नाही. सगळ्या वर्गाने हात उंच ताणले, पस्तीस कागदांवर पस्तीस ताणलेले हात. मी बाई स्टुलावर चढवली. डावा हात खांद्याएवढाच, उजव्या पायावर भार, डावी टाच उचललेली, कंबर सरकलेली, आणि डबा बरोबर हाताशी. कोट घातला नाही.

कोळसासर फिरत फिरत माझ्याकडे आले. पाहत राहिले. आणि पाहता पाहता त्यांचा स्वतःचा डावा खांदा खाली उतरला. त्यांना कळलंसुद्धा नाही. मग त्यांनी विचारलं, "हे कोण?" शब्द तेच, पण या वेळी त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, माझी आई. ते म्हणाले, "हिला आणखी काढ." पाट्यांचा ब्रश घ्यावा लागला नाही.

चित्र शाळेने ठेवून घेतलं. तुझ्यासाठी आठवणीतून दुसरं काढलंय, सोबत आहे. आरशाशेजारचं आधीचं काढून टाक.

खारूताई

३१ जानेवारी

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

चित्र आलं. दुकानात कोणी नव्हतं तेव्हा उघडलं, बरं झालं. अकरा वर्षांत ती किती बदलली! केस, मान, सगळंच. आणि ती स्टुलावर चढताना टाच उचलते ती लहानपणीही तशीच उचलायची, भिंतीवर चढताना. हे तुला कोणी सांगितलं? कोणी नाही. तुला ते आतून सापडलं. तुला शिकवायला निघालेला मी आता तुझ्याकडे शिकायला येतो.

दोनला की तीनला, मला अजून आठवत नाही. रोज दुकान उघडताना मोजून बघतो. एक, दोन, आणि पुढे काही दिसत नाही. कदाचित कधी दिसणारही नाही.

खिळ्यावरचा कागद काढला. फाडला नाही, घडी करून ठेवला. येत्या रविवारी दुपारच्या गाडीने निघतोय, टेप आणि खडू घेऊन. कोट तिथेच कापणार, तिच्या समोर, आणि त्याचा डावा खांदा तिच्या खांद्यासारखाच असेल.

बावीस वर्षांपूर्वी माप घेताना मी तिला म्हटलं होतं, सरळ उभी राहा. सगळ्या गिऱ्हाइकांना गप्पांत गुंतवणारा मी, तिला मात्र सरळ उभी राहा म्हणालो. आणि ती राहिली. किती दुखलं असेल, मी विचारलं नाही.

म्हणून आईला एवढा निरोप दे. रविवारी दादा दारात दिसला, तरी सरळ होऊ नकोस.

तुझा,
शिंपीमामा